टेक्सासचे रोखे, क्युबेकचं सार्वमत आणि संघराज्यातून बाहेर पडायचा हक्क

बायूकाठचा

मंडळी, ह्यूस्टनला राहायला आल्यापासून एक वाक्य सतत कानावर पडतं: ‘टेक्सासला हवं तेव्हा अमेरिकेतून बाहेर पडता येतं, आमच्या करारातच तसं लिहिलंय.’ चांगली शिकलीसवरलेली माणसंही हे ठासून सांगतात. आपल्याकडची इथे वाढणारी मुलं मित्रांकडून हेच ऐकून घरी येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करारात तसं काही नाही. १८४५ साली टेक्सास सामील झालं, त्या वेळच्या ठरावात एवढंच म्हटलंय की पुढेमागे टेक्सासच्या संमतीने त्याच्या प्रदेशातून आणखी चारपर्यंत राज्यं काढता येतील. म्हणजे फार तर पाच तुकडे, आणि तेही सगळे संघराज्याच्या आतच. त्या ठरावाचं पुढे कधीतरी ‘बाहेर पडायचा हक्क’ असं रूपांतर झालं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं.

टेक्सासने बाहेर पडायचा प्रयत्न एकदा खरोखर केला. १ फेब्रुवारी १८६१ रोजी अधिवेशनात १६६ विरुद्ध ८ मतांनी ठराव झाला. त्याच महिन्यात लोकांचं मतदान घेतलं, तेही मोठ्या फरकाने बाजूने गेलं. गव्हर्नर सॅम ह्यूस्टन, ज्यांच्या नावाने हे शहर आहे, त्यांनी बंडखोर दक्षिणी राज्यसंघाची (कॉन्फेडरसीची) शपथ घ्यायला नकार दिला तेव्हा त्यांना पदावरून काढलं. पुढचं युद्ध सगळ्यांना माहीत आहे. पण कायद्याच्या बाजूने जो निकाल लागला तो युद्धाबद्दल नव्हता, देशद्रोहाबद्दलही नव्हता. तो पैशाच्या वसुलीचा दावा होता, आणि मला तोच या प्रश्नाचा गाभा वाटतो.

झालं असं. १८५० च्या तडजोडीत टेक्सासने आपल्या सीमेवरचा हक्क सोडला, त्याची भरपाई म्हणून केंद्र सरकारने त्याला रोखे दिले: प्रत्येकी १००० डॉलरचे, ५ टक्के व्याजाचे. टेक्सासचा कायदा असा होता की गव्हर्नरने मागे सही केल्याशिवाय रोखा पुढे कुणाला देता येणार नाही. युद्ध सुरू झाल्यावर बंडखोर विधिमंडळाने ती सहीची अट उडवली. जानेवारी १८६५ मध्ये, हार समोर दिसत असताना, तिथल्या लष्करी मंडळाने १३५ रोखे व्हाइट आणि चाइल्स नावाच्या दोघांना देऊन टाकले. बदल्यात हवं होतं औषध आणि कापूस विंचरायच्या फण्या. युद्ध संपल्यावर नव्या सरकारने दावा लावला: आमचे रोखे परत करा.

दावा थेट सर्वोच्च न्यायालयात लावला होता. तिथे थेट जायचं तर फिर्यादी हे ‘राज्य’ असायला हवं. समोरच्या पक्षाने नेमकं तिथेच बोट ठेवलं: टेक्सास तर बाहेर पडलं होतं, आता लष्कराच्या ताब्यात आहे, काँग्रेसमध्ये त्याचा एकही प्रतिनिधी नाही, मग ते राज्य कसलं? म्हणजे रोख्यांचा हिशेब लावायला न्यायालयाला आधी ठरवावं लागलं की १८६१ चा ठराव कायद्याने काही घडवू शकला का.

१२ एप्रिल १८६९ रोजी सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी ५ विरुद्ध ३ अशा बहुमताचा निकाल दिला. त्यांचं म्हणणं: संघराज्य अभंग आहे आणि त्यातली राज्यंही अभंग आहेत. सामील होणं हा नुसता करार नव्हता, ते कायमचं एकत्र येणं होतं. म्हणून ठराव, मतदान, त्यावर आधारलेले कायदे, सगळं कायद्याच्या दृष्टीने शून्य. टेक्सास कधी बाहेर गेलंच नव्हतं.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच परिच्छेदात चेस पुढे अर्धं वाक्य लिहितात, त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ते म्हणतात, फेरविचाराला किंवा माघारीला जागा नाही, अपवाद फक्त क्रांतीचा किंवा राज्यांच्या संमतीचा. म्हणजे दार बंद आहे असं न्यायालय म्हणत नाही. एकट्याने ते उघडता येणार नाही, एवढंच म्हणतं. संमती कुणी द्यायची, कशी द्यायची, किती राज्यांनी द्यायची, यावर एक अक्षर नाही. माझं मत असं की गेल्या दीडशे वर्षांतली या विषयावरची सगळी कामाची चर्चा त्या अर्ध्या वाक्याबद्दलच आहे. तुम्हाला काय वाटतं?

शरयू_स

वाचतेय. मतदान झालं असं लिहिलंय, पण ते कुणाचं? १८६० च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या ६ लाख ४ हजारांच्या आसपास होती आणि त्यातले १ लाख ८२ हजारांहून जास्त लोक गुलाम होते. दहातले तीन! त्यांना कुणी विचारलं नाही. बायकांनाही नाही. आणि टेक्सासने बाहेर पडण्याची कारणं म्हणून जे पत्रक काढलं त्यात गुलामगिरी टिकवणं हे कारण लपवलेलंसुद्धा नाही, उघड लिहिलंय. ‘जनतेचा कौल’ म्हणताना हे आधी यायला हवं असं मला वाटतं.

सह्यकडा

लेख चांगला, पण मुद्द्याला माझा विरोध आहे. चेस यांनी नवं काय ठरवलं? जे १८६५ मध्ये रणांगणावर ठरलं तेच चार वर्षांनी कागदावर उतरवलं. उद्या दक्षिण जिंकली असती तर चेस यांचा निकाल कुणी विचारला असता? स्वतः चेस लिंकनचे अर्थमंत्री होते, हेही विसरू नका.

त्या निकालातलं न्यायमूर्ती ग्रियर यांचं भिन्नमत वाचा. ते म्हणाले, टेक्सास राज्य आहे का हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, कल्पनेचा नाही. काँग्रेस त्याला राज्य म्हणून वागवत नाही, तिथे सेनाधिकारी कारभार बघतोय, मग आपण डोळे मिटून ते राज्य आहे असं का म्हणायचं? मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

आणखी एक. बंडखोर राज्यसंघाचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्यावर देशद्रोहाचं आरोपपत्र होतं. त्याला खटला हवाच होता, कारण बाहेर पडणं कायदेशीर होतं हे त्याला कोर्टात मांडायचं होतं. सरकारच कचरलं. व्हर्जिनियातल्या ज्युरीने सोडून दिलं तर युद्धात मिळवलेलं कोर्टात जाईल ही भीती. १८६८ च्या नाताळात अध्यक्ष जॉन्सन यांनी सरसकट माफी दिली आणि खटला गुंडाळला. ज्या खटल्यात प्रश्न समोरासमोर आला असता तो होऊच दिला नाही, आणि मग रोख्यांच्या खटल्यात वाटेत उत्तर देऊन टाकलं.

बायूकाठचा

शरयूताई, अगदी बरोबर, आणि हे पुढच्या सगळ्या उदाहरणांनाही लागू आहे: मत कुणाला, आणि आत राहणाऱ्या ज्यांना जायचंच नाही त्यांचं काय.

सह्यकडा, डेव्हिसबद्दलचं म्हणणं पटतं. पण ‘कागदावर उतरवलं’ एवढंच ते नाही. त्या निकालाचा पुढचा भाग बघा. टेक्सासमध्ये चार वर्षं जी लग्नं लागली, जमिनींची खरेदीखतं झाली, वारसा लागले, त्यांचं काय करायचं? सगळंच शून्य म्हटलं तर लाखो लोकांचे संसार आणि सातबारे हवेत लटकतात. चेस यांनी रेघ मारली: शांततेने जगायला लागणारे व्यवहार साधारणपणे वैध, बंडाला मदत करणारे व्यवहार अवैध. फण्या आणि औषधांचा सौदा दुसऱ्या प्रकारात गेला म्हणून रोखे परत. ही रेघ तोफेने मारता येत नाही, त्याला न्यायालयच लागतं.

नागपुरी_कोट

मी वकिली करतो, म्हणून भारताची बाजू मांडतो, कारण आपल्या घटनेत हा प्रश्न अमेरिकेकडे बघूनच सोडवलाय.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हे सरळ सांगितलं. भारताचं संघराज्य घटक राज्यांनी आपसात करार करून बनलेलं नाही, म्हणून कुठल्याही राज्याला बाहेर पडायचा हक्क नाही. आणि पुढचं वाक्य या धाग्याशी थेट जोडलेलं आहे: अमेरिकनांना हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं, मसुदा समितीला वाटलं की पुढे तर्कवितर्क आणि वाद होत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं.

बाबासाहेबांच्या त्या मांडणीत मला जे मोठं वाटतं ते हे की त्यांनी देशप्रेमाची हाक दिली नाही, कारण दिलं. करार नव्हता, म्हणून करार मोडायचा प्रश्नच नाही. अमेरिकेत १३ वसाहती आधीपासून स्वतंत्र होत्या, त्या एकत्र आल्या. आपल्याकडे बहुतेक राज्यं संघानेच आखली.

याची दुसरी बाजू मात्र मराठी माणसाने नीट समजून घ्यावी. चेस म्हणतात राज्यंही अभंग. आपल्याकडे संघ अभंग आहे, राज्यं नाहीत. तिसऱ्या कलमाखाली संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा, नाव, अस्तित्वच बदलू शकते. राज्याचं मत मागवायचं, पण ते बंधनकारक नाही. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने ते मत किती दिवसांत द्यायचं याचीही मुदत घालायची सोय केली.

१९५६ मध्ये काय झालं? विधेयक आलं तेव्हा त्यात तीन घटक होते: महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई. मुंबई विधिमंडळाने मत दिलं ते त्यावर. संसदेत ते बदलून एकच द्विभाषिक मुंबई राज्य झालं. बाबूलाल पराते कोर्टात गेले, म्हणाले या नव्या रचनेवर आमच्या विधिमंडळाला विचारलंच नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पुन्हा विचारायची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्र शेवटी मिळाला तो रस्त्यावरच्या लढ्याने आणि मतपेटीने, कोर्टातून नाही.

सह्यकडा

मग द्रविडनाडूचं, म्हणजे दक्षिणेत वेगळा देश हवा या मागणीचं काय? अण्णादुराईंनी १९६२ मध्ये राज्यसभेत उघडपणे मागणी केलीच होती ना.

नागपुरी_कोट

केली होती, आणि तोवर ती मागणी नुसती बोलायला कायद्याची आडकाठी नव्हती. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने ती आली. भाषण, सभा आणि संघटना या स्वातंत्र्यांवर देशाच्या सार्वभौमत्व आणि अखंडतेसाठी वाजवी निर्बंध घालता येतील, आणि निवडणुकीला उभं राहणाऱ्याने तशी शपथ घ्यायची, अशी तरतूद झाली. त्याच वर्षी अण्णांच्या द्रमुक पक्षाने वेगळ्या देशाची मागणी सोडली. अण्णांनी पक्ष मोडू दिला नाही, मागणी सोडली, आणि चार वर्षांत मद्रास राज्यात सत्ता मिळवली. दुरुस्ती योग्य होती का यावर वाद होऊ शकतो. माझं मत असं की कृतीला बंदी समजू शकतो, पण शांतपणे मांडलेल्या मताला बंदी घालण्याबाबत फार जपून राहावं. कॅनडात असं बंधन नाही आणि तरी देश एकत्र आहे.

मेपलपान

कॅनडाचं नाव निघालंच आहे तर लिहिते. मी मॉन्ट्रियलला राहते, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच भाषिक क्युबेक प्रांतात. इथे हा विषय पुस्तकातला नाही, जेवणाच्या टेबलावरचा आहे. एकाच घरात दोन भावांनी दोन बाजूंनी मत दिलेली कुटुंबं ओळखीची आहेत.

३० ऑक्टोबर १९९५, क्युबेकने कॅनडापासून वेगळं व्हावं का यावरचं सार्वमत. मतदान ९३.५२ टक्के. ‘नाही’ ५०.५८, ‘हो’ ४९.४२. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिका ८६,५०१. म्हणजे बाद मतं फरकापेक्षा जास्त! त्यावरून आजही वाद होतात.

पण मला जास्त खटकतो तो प्रश्न. मतपत्रिकेवर ‘क्युबेक वेगळा देश व्हावा का’ असं साधं विचारलेलंच नव्हतं. विचारलं होतं की, कॅनडाला नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव दिल्यानंतर, क्युबेकच्या भवितव्याच्या विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ च्या कराराच्या चौकटीत, क्युबेक सार्वभौम व्हावं हे तुम्हाला मान्य आहे का. आता सांगा, ‘हो’ म्हणणाऱ्याने नक्की कशाला हो म्हटलं? देशाला, का भागीदारीला?

म्हणून केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ला मागितला. क्युबेक सरकारने भाग घ्यायला नकार दिला, तेव्हा न्यायालयाने त्या बाजूने युक्तिवाद करायला स्वतः वकील नेमला. २० ऑगस्ट १९९८ चं उत्तर एकमताचं होतं. एकतर्फी बाहेर पडायचा हक्क क्युबेकला कॅनडाच्या घटनेखालीही नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्याखालीही नाही, कारण क्युबेक ना वसाहत आहे ना तिथल्या लोकांना कारभारातून वगळलंय. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने ‘हो’ आलं, तर बाकी कॅनडाला कानावर हात ठेवता येणार नाहीत. वाटाघाटीला बसणं हे घटनेनेच घातलेलं कर्तव्य ठरेल, दोन्ही बाजूंवर. आणि त्या वाटाघाटीत कर्ज, सीमा, अल्पसंख्याक, मूळ रहिवासी हे सगळं येईल, निकाल काय लागेल हे आधी कुणी गृहीत धरायचं नाही.

बायूकाठचा, तुमच्या ‘संमती’च्या अर्ध्या वाक्यात जे लिहायचं राहिलं होतं ते इथे लिहिलंय असं मला वाटतं.

अजून एक. सार्वमताच्या आठवडाभर आधी उत्तर क्युबेकमधल्या क्री या मूळ रहिवासी लोकांनी आपलं वेगळं मतदान घेतलं. सुमारे ९६ टक्के म्हणाले, आमच्या संमतीशिवाय आम्हाला आणि आमच्या जमिनीला कॅनडातून नेऊ नका. क्युबेक कॅनडातून निघू शकतं तर क्री क्युबेकमधून का नाही? याला सार्वभौमत्ववाद्यांकडे मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

शरयू_स

मेपलपान, क्रींचा भाग वाचून बरं वाटलं. मूळ प्रश्न हाच आहे.

स्वान_नदी

पर्थहून थोडक्यात. ८ एप्रिल १९३३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाने सार्वमत घेतलं आणि जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी बाहेर पडायला ‘हो’ म्हटलं: १,३८,६५३ विरुद्ध ७०,७०६. मंदी होती, गव्हाला भाव नव्हता, आणि पूर्वेकडच्या कारखान्यांना जपणाऱ्या आयातकरांचा भार इथल्या शेतकऱ्यावर. पण त्याच दिवशी निवडणूकही होती आणि त्याच मतदारांनी वेगळं होण्याच्या विरोधात असलेल्या मजूर पक्षाला निवडून दिलं! तरी नव्या सरकारने शिष्टमंडळ लंडनला पाठवलं. १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सांगितलं, ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारची विनंती असल्याशिवाय हा अर्ज दाखलच करून घेता येत नाही. केंद्राने दरम्यान अनुदान आयोग नेमून गरीब राज्यांना नियमित मदत सुरू केली होती. पुढे मागणी विरून गेली. पैशाचं गाऱ्हाणं होतं, ते ऐकलं गेलं, विषय संपला.

सह्यकडा

कॅनडाचा निकाल मलाही भावतो, पण घटनेत हक्क लिहून ठेवणारेही होते. सोव्हिएत घटनेच्या ७२ व्या कलमात प्रत्येक प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडायचा हक्क होता. लिथुआनियाने ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि ३ एप्रिलला मॉस्कोने तो हक्क वापरायचा कसा याचा कायदा केला: दोन तृतीयांश मतं, पाच वर्षांपर्यंत संक्रमणकाळ, शेवटी केंद्राची मान्यता. हक्क जवळजवळ सत्तर वर्षं कागदावर होता आणि तो मागितल्यावर वाट अडवणारा कायदा आला. म्हणून म्हणतो, हक्क लिहिण्यापेक्षा केंद्राची दानत महत्त्वाची.

नागपुरी_कोट

दानत हवीच, पण रीत ठरलेली नसेल तर दानतीचा माणूसही अडकतो. एकत्र कुटुंबातल्या वाटणीसारखं आहे हे: वाटणी मागायला हरकत नाही, पण जाताना घरावरचं कर्ज, म्हाताऱ्यांची सोय आणि विहिरीचं पाणी यांचा हिशेब न करता कुणाला उठून जाता येत नाही. टेक्सासचे रोखे काय किंवा क्युबेकच्या वाट्याचं राष्ट्रीय कर्ज काय, प्रश्न तोच.

मांडवीतीर

गोव्याहून. आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, तो देशातून बाहेर पडायचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढाच. पण रीत म्हणून तो मला या धाग्यात महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. मतपत्रिकेवर फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. कुणालाही कळेल असा प्रश्न. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० अशी मतं पडली, आणि विलीनीकरणाच्या बाजूने जीव तोडून लढलेल्या माणसांनी, माझ्या आजोबांसकट, तो निकाल मानला. त्यानंतर काही महिन्यांत भाऊसाहेबच पुन्हा मुख्यमंत्री झाले.

मेपलपान

मांडवीतीर, फूल आणि दोन पानं हे फार आवडलं. १९९५ ला असा प्रश्न असता तर निम्मं भांडण झालं नसतं.

शरयू_स

‘स्पष्ट बहुमत’ म्हणजे किती पण? ५१? ६०?

मेपलपान

न्यायालयाने मुद्दाम आकडा दिला नाही, ते राजकारण्यांनी ठरवावं म्हटलं. २००० च्या केंद्रीय कायद्यातही आकडा नाही. प्रश्न स्पष्ट आहे का हे संसदेने ३० दिवसांत ठरवायचं, आणि बहुमत पुरेसं आहे का हे मतदानानंतर बघायचं. क्युबेकने उलट कायदा करून सांगितलं, ५० टक्के अधिक एक मत पुरे. मला दोन्ही बाजू अडचणीच्या वाटतात. मतं मोजून झाल्यावर पट्टी ठरवणं चुकीचं, आणि एका मताने लहान मुलांचं नागरिकत्व बदलणंही चुकीचं.

बायूकाठचा

मेपलपान, पट्टी आधी ठरलेली असावी याच्याशी पूर्ण सहमत. २००६ मध्ये सर्बियापासून वेगळं होताना माँटेनेग्रोने ५५ टक्क्यांची अट मानली आणि ५५.५ मिळवले. इतक्या बारीक फरकाने ठरूनही निकाल टिकला, कारण अट मतदानाच्या आधी दोन्ही बाजूंना माहीत होती.

आणि कॅरिबियनमधलं नेव्हिस बघा. सेंट किट्स आणि नेव्हिस या दोन बेटांच्या संघाच्या घटनेतच ११३ वं कलम आहे: नेव्हिसला बाहेर पडता येतं, पण त्याच्या विधानसभेत दोन तृतीयांश आणि सार्वमतातही दोन तृतीयांश मतं हवीत. त्याशिवाय वेगळ्या नेव्हिसची घटना कशी असेल याचा सविस्तर मसुदा सार्वमताच्या सहा महिने आधी विधानसभेपुढे ठेवावा लागतो. १० ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे कॅनडाच्या निकालाच्या दहाच दिवस आधी, तिथे मतदान झालं. ‘हो’ २,४२७, ‘नाही’ १,४९८. जवळजवळ ६२ टक्के, आणि तरी कमी पडले. शरयूताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नेव्हिसच्या बाजूने आहे: दोन तृतीयांश, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मतदाराच्या हातात आधी नव्या घटनेचा मसुदा. टेक्सासवाल्या माझ्या सहकाऱ्यांना मी आता हेच विचारतो, की मसुदा दाखवा.

शरयू_स

आणि त्या मसुद्यात अल्पसंख्याकांचं पान पहिलं असावं. क्रींसारख्यांना वेगळं मत हवं का, यावर नागपुरी_कोट यांनी लिहावं ही विनंती.